पाचवी ढाल

कोथरूड, पुणे
३ फेब्रुवारी २००२

चि. जयू,

पत्र वाचून फोन करू नकोस. फोनवरचं मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरतो, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. लिहूनच कळव.

शाळेचं वार्षिक वृत्त मिळालं. सलग तिसऱ्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के, हे वाक्य मी इथल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत उभं राहून वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुण्यातल्या नावाजलेल्या शाळांना जे जमत नाही ते दाजीबानपेठेतली आपली मराठी शाळा करून दाखवते, आणि तू मुख्याध्यापिका असून त्याचा साधा गाजावाजाही करत नाहीस, याचं नवल वाटतं. मावशी असती तर तिनं तुझे कान उपटले असते.

तेव्हा आम्ही ठरवून टाकलं आहे. निकालानंतरच्या रविवारी, मे महिन्यात, दहावीच्या गुणवंतांचा सत्कार करायचा. पुण्याहून आम्ही मंडळी येतो, बेळगाव आणि धारवाडचे येतील, हुबळीतले तर आहेतच. पहिल्या पाच जणांना सागवानी ढाल, तिच्यावर पितळी पट्टी, पट्टीवर 'प्रथम क्रमांक' पासून 'पंचम क्रमांक' पर्यंत कोरलेलं. पाहुण्यांना पेठेच्या तोंडापासून शाळेपर्यंत लेझमीच्या तालावर न्यायचं. निदान चाळीस मुलांचं पथक हवं, आमच्या वेळी साठ होती. आणि शेवटी सगळ्या शाळेनं मिळून शाळागीत म्हणायचं. गीत मला अजून पाठ आहे, परवा अंघोळ करताना तिन्ही कडवी म्हटली.

बाळकृष्णाकडे गेली होतीस का? माझ्या धाकट्या भावानं उणकलला एवढं घर बांधलं, मी अजून पाहिलेलं नाही.

तुझा
विठूअण्णा

⁂

जुनी हुबळी
१७ फेब्रुवारी २००२

विठूअण्णा, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी राग आला. दुसऱ्या वेळीही आला, पण उत्तर लिहिता येईल इतका.

सत्काराला माझी ना नाही. दहावीची मुलं गुणी आहेत. मनीषा नावाची मुलगी आहे, तिचे वडील पेठेत कापडाचे गठ्ठे बांधायचं काम करतात. ही पोरगी वर्गात पहिली येते, प्रार्थना सांगते, आणि नारायण शिपाई रजेवर असला की घंटाही तीच देते. मागच्या महिन्यात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत ती कन्नडमध्ये बोलून बक्षीस घेऊन आली. परीक्षकांनी विचारलं, तुझी शाळा कोणती? हिनं सांगितल्यावर ते म्हणाले, ती अजून चालू आहे का? तेव्हापासून ती चिडलेली आहे आणि तिच्या चिडण्याचं मला कौतुक आहे.

पण अण्णा, मला ढाली नकोत, मुलं हवी आहेत. आठवीचा वर्ग दोन वर्षं झाली उघडता आलेला नाही. येत्या जूनमध्ये आठवीला दहा मुलं आली नाहीत तर हायस्कूल बंद करा, असं शिक्षण खात्यानं कळवलं आहे. वादिराज मास्तर आणि मी, आम्ही दोघं संध्याकाळी घरोघर फिरतो. सगळे चहा देतात. सगळे म्हणतात, शाळा फार चांगली हो बाई. मग म्हणतात, पण आमच्या मुलाला इंग्लिश मीडियममध्ये घातलंय.

तुमच्या बाळकृष्णाची नात मधुवंती आपल्याच संस्थेच्या, वेगळ्या इमारतीतल्या प्राथमिक शाळेत सातवीत आहे. आता तिलाही काढणार असं ऐकते. तुम्ही त्याला एक शब्द टाका. तुमचा शब्द तो मोडत नाही. हे एक घर राहिलं तर पेठेतली आणखी घरं थांबतील. गेली तीही अशीच, एकमेकांकडे बघून.

लेझमी कपाटात आहेत. ढाली करायच्याच असतील तर तीन पुरेत.

जयू

⁂

कोथरूड, पुणे
२ मार्च २००२

चि. जयू,

तीन ढाली पुरेत, हे वाचून वाईट वाटलं. तू तरी असं म्हणायला नको होतंस. आपल्या शाळेत नेहमी पहिल्या तिघांचाच सत्कार होत आला, आणि मी आठवी ते मॅट्रिक दर वर्षी पाचवा येत होतो. आमच्या वर्गात बावन्न मुलं होती. बावन्नात पाचवा येणं ही गंमत नाही. पण स्टेजवर तिघं जायचे आणि आम्ही खाली बसून टाळ्या वाजवायचो. एकदा आमच्या आप्पांनी विचारलं, तुझं नाव नाही घेतलं का रे? मी म्हटलं, घेतलं, तुम्हाला ऐकू आलं नाही. पाचव्याला कुणी विचारत नाही, जयू. म्हणून या वेळी पाचच. ढाली करायला टाकल्याही आहेत.

आठवीचं म्हणशील तर ते रडगाणं आता सगळ्याच शाळांचं आहे. एखादा वर्ग नाही उघडला म्हणून शाळा थांबत नाही. तुम्ही शिक्षक मंडळी फार लवकर खचता. एकदा सोहळा झाला, पेपरात फोटो आला, की लोक आपसूक मुलं घेऊन दाराशी येतील. प्रसिद्धी लागते. आम्ही बँकेत हेच करायचो.

बाळकृष्णाच्या घरातल्या गोष्टीत मी इतक्या लांबून बोलणं बरं दिसत नाही. त्याच्या सुनेचं मन कसं आहे ठाऊक नाही. समक्ष भेटीत बघू.

लेझमीचा सराव सुरू केलास का? त्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस.

विठूअण्णा

⁂

जुनी हुबळी
१५ मे २००२

विठूअण्णा,

निकाल लागला. मनीषा नव्वद टक्क्यांच्या वर गेली. संदीप आणि बाबू फर्स्ट क्लासमध्ये आले. संदीपला तर गणितात इतके मार्क पडलेत की वादिराज मास्तर रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सांगतायत, भाजीवालीलाही सोडलं नाही.

पण यंदा निकाल शंभर टक्के नाही. दीपश्री गणितात गेली, थोडक्यात गेली. वडील तिच्या लहानपणीच वारले, आई घरी पापड लाटते. चित्रं अशी काढते की शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंती तिनंच रंगवल्यात. निकालाच्या दिवशी ती रडली नाही, मला म्हणाली, "बाई, माझ्यामुळं शाळेचं शंभर टक्के गेलं की हो."

म्हणून पुन्हा सांगते, ढाली राहू द्या. चारी मुलांना एकेक चांगलं पुस्तक द्या आणि आलेल्या मंडळींशी मला आठवीबद्दल बोलू द्या. शाळा उघडायला थोडेच दिवस उरलेत. आतापर्यंत एकाही घरानं होकार दिलेला नाही.

बाळकृष्णाशी बोललात का? हे मी तिसऱ्यांदा विचारते आहे. मधल्या पोस्टकार्डाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

जयू

⁂

कोथरूड, पुणे
१९ मे २००२

चि. जयू,

घाईत लिहितो. रविवार २६ तारीख नक्की. सकाळी दहाला कार्यक्रम, मग श्रीखंडपुरीचं जेवण, आचारी धारवाडहून सांगितला आहे. मी आदल्या दिवशी बेळगावात मुक्काम करून थेट कार्यक्रमालाच येईन.

तू तीनच नावं कळवलीस. चौथं आणि पाचवं कळव, पट्ट्यांवर कोरायचं आहे. नापास झालेल्या मुलीचा विषय त्या दिवशी काढू नकोस. आनंदाच्या प्रसंगी कशाला? तिला वाटल्यास त्या दिवशी घरीच राहू दे, तिलाच अवघड वाटेल.

आणि लेझमीचं काय झालं?

विठूअण्णा

⁂

जुनी हुबळी
२८ मे २००२

विठूअण्णा,

तुम्ही न जेवता निघून गेलात. फेटाही खुर्चीवरच राहिला. नारायण तुमच्या मागं रस्त्यापर्यंत धावत आला होता, पण तुम्ही रिक्षात बसला होतात.

तुम्ही स्टेजवर होतात आणि मी खाली मुलांजवळ होते. तुम्हाला काय दिसलं ते तुमच्या चेहऱ्यावर होतं. आम्हाला काय दिसलं ते लिहिते.

लेझमी घेऊन चौघंच आली म्हणून तुम्ही दारातच माझ्याकडे डोळे वटारून पाहिलंत. त्या चौघांनी आठवडाभर उन्हात सराव केला होता. चौघांचं पथक दिसायला कसं दिसतं ते त्यांनाही कळत होतं. पेठेतले दुकानदार हसत होते. तरी दीपश्रीनं एकदाही ताल चुकवला नाही. घरीच थांब, असं मी तिला सांगितलं नव्हतं. तुमचं ते वाक्य मी तिच्यापर्यंत पोचवलंच नाही.

मग तुम्ही माईकवर गेलात. हॉल माजी विद्यार्थ्यांनी गच्च भरला होता, मागं लोक उभे होते. तुम्ही चांगलं बोललात, खरंच. प्रथम, द्वितीय, तृतीय झालं. मग 'चतुर्थ क्रमांक' म्हणून तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे पाहून माईकवरच विचारलंत, "नावं का नाहीत? बाकीची मुलं कुठं आहेत?" पहिल्या बाकावरून मनीषा उठली आणि म्हणाली, "एवढीच आहोत, आजोबा." तुम्हाला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं, "सगळी शाळा एवढीच आहे."

तुम्ही मला म्हणालात, "सांगायला काय झालं होतं तुला?" अण्णा, मी सांगितलं होतं. दोन वर्षं आठवी उघडली नाही असं लिहिलं होतं. म्हणजे नववी कुठून येणार? जन्मभर बँकेत आकडे जुळवलेल्या माणसाला एवढा हिशेब करता आला नाही? शंभर टक्के निकाल होता तो मागच्या वर्षी सात मुलांचा, त्याआधी नऊ. ढाली किती, फेटे किती, लेझमी किती, सगळं तुम्ही विचारलंत. मुलं किती, हे एकदाही विचारलं नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं. पण तुम्ही दीपश्रीकडे पाहिलंत आणि चौथी ढाल परत टेबलावर ठेवलीत. तेव्हा मनीषा स्टेजवर चढली. तिनं तुमच्यासमोर स्वतःची ढाल ठेवली. ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत की नाही ठाऊक नाही, म्हणून लिहिते. ती म्हणाली, "आजोबा, वर्गात आम्ही चौघं. चौघांत मी पहिली, मग चौथा नंबर दीपश्रीचाच की. ती मोजायची नसंल तर मला तरी कशाला मोजता?" संदीप आणि बाबूनंही आपापल्या ढाली ठेवल्या. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. मला विचाराल तर शाळेचा अभिमान म्हणतात तो हाच. सभागृहातल्या एवढ्या मोठ्या माणसांपैकी एकालाही तो दाखवता आला नाही.

त्यावर तुम्ही निघून गेलात.

त्यानंतर वादिराज मास्तर उठले. ते चारचौघांत कधी बोलत नाहीत. त्यांनी चौथी ढाल उचलून दीपश्रीच्या हातात दिली आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाले, गणितात ती नापास नाही, मी नापास आहे. मग बाकी तिघांनी आपल्या ढाली परत घेतल्या. मी माईक घेतला आणि सगळ्यांना विचारलं, तुमच्या कुणाच्या घरात आठवीत जाणारं मूल आहे? कितीतरी हात वर झाले, अण्णा. मग विचारलं, त्यातलं कोण इथं पाठवणार? सगळे हात खाली गेले. कुणीतरी म्हणालं, पुऱ्या गार होतायत. जेवण उत्तम झालं. जाताना प्रत्येकानं मला सांगितलं, बाई, शाळा बंद पडू देऊ नका हं.

पाचवी ढाल माझ्या टेबलावर आहे. तिचं काय करायचं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी बाळकृष्णाचा नातू मुकुल सातवी झाला तेव्हा मी उणकलच्या घरी गेले होते. बसायला सोफा दिला, चहा दिला, आणि सून म्हणाली, आत्या, शाळेबद्दल काही नाही हो, पण आमच्या मुकुलला नको. मुकुल यंदाच दहावी झाला. तो आपल्याकडे असता तर वर्गात पाच मुलं असती. तुमचा पाचवा विद्यार्थी तुमच्याच घरात होता. ढाल त्याला नेऊन द्यावी असं वाटतं.

रागावून लिहिलं आहे. पण फाडून पुन्हा लिहिणार नाही.

जयू

⁂

कोथरूड, पुणे
५ जून २००२

चि. जयू,

तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मग तीही माझ्याशी नीट बोलेना.

मी रिक्षा करून बस स्टँडवर गेलो असं तुला वाटलं असेल. मी उणकलला गेलो. घर खरंच मोठं आहे, गच्चीवरून तळं दिसतं. मी बाळकृष्णाला म्हटलं, मधुवंतीला आपल्या शाळेत ठेव. सून म्हणाली, काकांनी सांगितलं तर आम्ही विचार करू. म्हणजे शब्दाला किंमत होती, तुझं बरोबर होतं. तेवढ्यात बाळकृष्णानं विचारलं, "अण्णा, पुण्याला तुझी नातवंडं कुठल्या शाळेत जातात?" तो टोमणा मारत नव्हता. खरंच त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. मग त्यानं "इरली बिड", राहू दे, म्हणून विषय सोडून दिला आणि मला आंबा कापून दिला. बाळकृष्णाची बायको विमल जेवायचा आग्रह करत होती, तरी मी उठलो.

मधुवंती जाताना माझ्या पाया पडली. नव्या शाळेचा टाय तिनं मला हौसेनं दाखवला. तो आधीच आणलेला होता.

दर वर्षी शाळा उघडायच्या दिवशी जुनी दहावी नव्या आठवीला पेढा देऊन हाताला धरून वर्गात नेते, ती पद्धत अजून आहे का? मला नेणाऱ्या मुलाचं नाव आठवत नाही, पण त्याच्या हाताला शाईचा वास होता.

ढाल मुकुलला देऊ नकोस. त्याची काय चूक? आणि त्या मुलीला सांग, मी ढाल टेबलावर ठेवली ती… काय सांगायचं ते तू ठरव. मला जमत नाही.

विठूअण्णा

⁂

जुनी हुबळी
१४ जून २००२

विठूअण्णा,

तुमचं पत्र वाचून राग थोडा उतरला. तुमच्यावरचा. बाकीचा आहे तसाच आहे, फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

पेढ्यांची पद्धत मुलं अजून विसरलेली नाहीत. शाळा उघडायच्या दिवशी चौघं सकाळीच आली. मी बोलावलं नव्हतं. दीपश्रीनं फळ्यावर नव्या आठवीचं स्वागत लिहून भोवती कर्दळीची फुलं काढली. मनीषानं पेढ्यांचा पुडा आणला होता. मनीषानं घंटा दिली, नारायण फाटकाशी उभा राहिला, आणि ती चौघं दारात दोन्ही बाजूंना उभी राहिली, आठवी भरायची तेव्हा राहत तशी. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. मग नारायण फाटकाकडून सावकाश चालत आला आणि म्हणाला, "यारू बरलिल्ल, बाई. कुणीसुद्धा नाही." संदीप म्हणाला, अजून थोडं थांबू, उशिरा येणारी असतात की. आम्ही थांबलो. अण्णा, त्या थांबण्याबद्दल मला आणखी काही लिहिता येत नाही.

शेवटी पेढे त्या चौघांनीच एकमेकांना दिले. खात्याचं पत्र आलं आहे. हायस्कूल बंद.

टेबलावरची पाचवी ढाल पाहून मनीषानं विचारलं, ही कुणाची? तुम्ही दर वर्षी पाचवे येत होतात हे मी सांगितलं. ती म्हणाली, मग त्यांनाच पाठवा की, बावन्नात पाचवे म्हणजे आमच्यापेक्षा भारी. दीपश्रीनं पट्टीखाली रंगानं तुमचं नाव घातलं आहे. तुम्ही तिची ढाल ठेवून दिली होतीत हे तिला पक्कं आठवतं, तरी अक्षर सुंदर काढलं आहे. पार्सल सोबत पाठवते. मी पाठवू नका म्हणत होते, पण चौघांपुढं माझं चाललं नाही.

एकच गोष्ट राहिली. दीपश्रीला सप्टेंबरात गणिताचा पेपर पुन्हा द्यायचा आहे. वादिराज मास्तरांनी तोपर्यंत किल्ली आपल्याकडे ठेवून घेतली आहे, कुणी मागितली तर बघू म्हणतात. ती रोज येते. एवढ्या शाळेत एक मुलगी, एक मास्तर आणि मी. काल तिनं वहीतून मान वर करून विचारलं, "बाई, मी पास झाले की शाळेत कुणीच उरणार नाही ना? मग मी पास होऊ का नको?"

मी तिला रागावले. म्हटलं, असलं काही डोक्यात आणू नकोस, समोरचं गणित सोडव. तिनं बराच वेळ खाली मान घालून सोडवलं आणि वही माझ्यापुढं केली. ते बरोबर आलं होतं, अण्णा. सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या. एवढी वर्षं शिकवते आहे, पण एखाद्या मुलीचं गणित बरोबर आलं म्हणून मला वाईट वाटलं, असं काल पहिल्यांदा झालं.

जयू